रामबागची वाट

(आपल्या 1984 च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात डिसेंबर 2025 मध्ये केलेलं भाषण)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, "नोकरी सोडल्यापासून तू डोंगर पालथे घालतेस. माथेरानच्या इंग्रजी अमलातल्या जागांबद्दल बोल. पण इतिहासाचा तास घेऊ नकोस." मी हो म्हटलं. पण या विषयावर बोलायचं तर मला आधी एक जुनी चूक सांगावी लागेल. ज्याच्या बाबतीत ती झाली तो आपला वर्गमित्र इथेच मागच्या रांगेत बसलाय. "सांग बिनधास्त, फक्त नाव घेऊ नकोस," अशी त्याची परवानगी घेऊन मी उभी आहे.

आपली नववीची सहल आठवतेय? डिसेंबर 1982. भूगोलाच्या सरांनी जाहीर केलं होतं की एसटी नाही, गाडी नाही, चौकातून चालत वन ट्री हिलच्या वाटेनं माथेरानला चढायचं आणि रामबागच्या वाटेनं उतरायचं. घरून भाकरी, चटणी आणि कांदा. पायांत कुणाच्या स्लीपर, कुणाच्या काहीच नाही.

ही वाट सरांनी उगाच निवडली नव्हती. मे 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याचा मुक्काम आपल्या चौकात होता. तेव्हा हा सगळा मुलूख ठाणे जिल्ह्यात मोडायचा. संध्याकाळी समोरचा डोंगर बघून त्याला वर जायची हुक्की आली. तो वन ट्री हिलच्या बाजूनं चढला, वरच्या जंगलातून फिरला आणि रामबागकडून खाली आला. हवा त्याला इतकी आवडली की त्याच वर्षी तो पुन्हा आला आणि पुढे त्यानं वर घर बांधलं. 1855 मध्ये मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन माथेरानला आला, त्याच्याही बंगल्याचा पाया घातला गेला. साहेब आला म्हटल्यावर बाकीचे आलेच. ज्या वाटेनं मॅलेट चढला-उतरला, त्याच वाटेनं सरांनी आपल्याला नेलं.

वन ट्री हिलच्या खिंडीतला शेवटचा चढ दम काढतो. तिथून मागे वळलं की खाली चौक, पलीकडे प्रबळगड आणि इर्शाळगडाचं ते नेढं. तेव्हा मोरबे धरणाचं पाणी दिसत नव्हतं, नुसती शेतं होती. आता धरण दिसतं. आणि जुलै 2023 मधल्या इर्शाळवाडीच्या त्या रात्रीनंतर इर्शाळगडाकडे पूर्वीसारखं बघवत नाही.

तर वर पोचलो आणि माझा पाय मुरगळला. घोटा सुजून टम्म झाला. खाली उतरणं शक्यच नव्हतं. सर बाजारापर्यंत गेले आणि एक हातरिक्षा घेऊन आले. एक माणूस पुढे दांड्यांत, दोघं मागून ढकलायला. मला आणि सोबतीला एका मैत्रिणीला बसवलं आणि दस्तुरी नाक्याकडे निघालो. तिथून पुढे नेरळला उतरायला मोटार मिळणार होती. बाकी वर्ग थोडा वेळ बरोबर चालत होता.

मी आयुष्यात पहिल्यांदा अशा वाहनात बसले होते. पाय दुखत होता, पण मजाही वाटत होती. उतार आला तशी रिक्षा पळायला लागली आणि आम्ही दोघी ओरडलो, "काका, आणखी जोरात! हुर्रर्र, घोडा!" मुलं हसली. पुढचे काकाही हसले. आपल्या वर्गातला एकच मुलगा हसला नाही. तो मान खाली घालून रस्त्याच्या कडेनं चालत होता.

दांड्यांतले ते काका त्याचे वडील होते.

हे मला कळलं ते तीन-चार दिवसांनी, दुसऱ्या कुणाकडून तरी. तेव्हा वर्गात मुलं-मुली एकमेकांशी बोलत नसत. मी काही बोलले नाही. मग दहावी झाली, कॉलेज, नोकरी, लग्न. बोलायचं राहूनच गेलं.

स्वेच्छानिवृत्तीनंतर मी पनवेलच्या काही मुलांना घेऊन रविवारी डोंगरात जाऊ लागले. माथेरानला नेताना मी त्यांना काय दाखवायची? लुईझा पॉइंट, अलेक्झांडर पॉइंट, शार्लोट लेक. तलावाकाठी पिसरनाथाचं देऊळ आहे, ग्रामदैवताचं, पण तलावाला नाव शार्लोटचं. आपल्या गावाचं नाव तेवढं ग्रेट चौक आणि लिटल चौक या पॉइंटांना मिळालंय. मग छोटी गाडी दाखवायची. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी 1904 मध्ये काम सुरू केलं आणि मार्च 1907 मध्ये गाडी धावली. खर्च सोळा लाख. रूळ दोन फुटी, लांबी सुमारे 20 किलोमीटर, आणि आगगाडी 800 मीटर उंचीच्या डोंगरावर चढवायची म्हणजे वळणांवर वळणं. मुलांना ते फार आवडतं. 26 जुलै 2005 च्या पावसात हाच मार्ग वाहून गेला आणि पुन्हा गाडी सुरू व्हायला 2007 उजाडलं, हेही मी सांगते.

भाई कोतवालांबद्दलही सांगते. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल 1912 मध्ये माथेरानातच जन्मले, तेही गरिबाच्या नाभिक घरात. वकील झाले, माथेरानच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, आणि 1942 मध्ये 'आझाद दस्ता' उभारून मुंबईकडे जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडू लागले. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांबरोबर त्यांना वीरमरण आलं. साहेबाच्या हवा खायच्या गावातच साहेबाच्या विरुद्ध उठणारा माणूस निपजला, हे सांगताना माझा आवाज दर वेळी चढतो.

एवढं सगळं सांगायचे. पण रिक्षा दिसली की मी मुलांना घेऊन पुढे सटकायचे.

माथेरानात मोटारींना बंदी, म्हणून हातरिक्षा राहिली. इंग्रजी अमलात वर जायला तट्टू होते, पालख्या होत्या, हमाल होते. देश स्वतंत्र झाला, राज्यघटना आली, पण माणसानं माणसाला ओढणं तिथे चालूच राहिलं. गेल्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ही प्रथा माणसाच्या प्रतिष्ठेला धरून नाही, सहा महिन्यांत बंद करा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या. तेव्हा परवान्याच्या 94 हातरिक्षा होत्या. ती बातमी वाचली आणि मी आपल्या मित्राचा नंबर शोधला.

फोनवर तो म्हणाला, "काय बोलायचंय ते चालता चालता बोलू. रामबागनं चढू." दिवाळीनंतर आम्ही चौघं वर्गमित्र गेलो. रामबागची वाट वन ट्री हिलपेक्षा रुंद, सावलीची, चढ सोपा. पण साठीकडे झुकलेल्या गुडघ्यांना सोपी कुठली! तो मात्र पुढे झपाझप. मी विचारलं, "तुला दम कसा लागत नाही रे?" म्हणाला, "सव्वीस वर्षं रोज पहाटे याच वाटेनं वर गेलो, दिवसभर रिक्षा ओढली आणि संध्याकाळी याच वाटेनं खाली. माझ्या आधी बाबा."

मी थांबले. मॅलेट या वाटेनं आयुष्यात किती वेळा चालला असेल, असा विचार आला. पहिल्यांदा तर एकदाच, तेही उतारावर. आणि आपण मुलांना सांगतो की माथेरान त्यानं शोधलं. 1882 च्या ठाणे गॅझेटियरमध्येच नोंद आहे की डोंगरावर धनगर, ठाकूर, कातकरी राहायचे. त्यांच्यासाठी ते कधी हरवलेलंच नव्हतं. पुढे 1856 मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली, वाटेवरचं नेरळ माथेरानचं दार झालं आणि साहेबलोक त्या बाजूनं जाऊ लागले. चौकाकडची वाट उरली ती कामाला जाणाऱ्यांची. भाजीचे हारे, दुधाच्या किटल्या, लाकडाच्या मोळ्या, आणि रिक्षा ओढायला निघालेली माणसं. दर पावसाळ्यानंतर खचलेली वाट तेच दुरुस्त करतात. कुठल्याही पॉइंटवर त्यांच्या नावाची पाटी नाही.

एका दगडावर बसून मी त्याला 1982 च्या त्या दिवसाबद्दल सांगितलं. माफी मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मला आठवतंय. मला तुमचा राग आलाच होता. त्याहून जास्त राग बाबांचा आला होता, ते हसले म्हणून. रात्री त्यांना म्हटलं, तुम्ही हसलात कशाला? तर म्हणाले, तुझ्या वर्गातली पोर, पाय सुजलेला, रडत होती. हसली तर बरं वाटलं. पैसे घ्यायला जिवावर आलं होतं, पण घेतले. घरात तांदूळ नव्हता."

मला काही बोलता आलं नाही. तोच उठला आणि म्हणाला, "चल, ऊन वाढतंय."

वर गेल्यावर त्यानं वडिलांची रिक्षा उभी राहायची ती जागा दाखवली. त्याचा मुलगा ई-रिक्षा मिळेल या आशेवर आहे. मिळेल की नाही, की ती भलत्याच कुणाच्या नावावर जाईल, याची त्याला धास्ती आहे. आपल्यापैकी काहीजण वकील आहेत, काहीजण सरकारी कचेऱ्यांत होते. त्यांनी त्याच्याबरोबर एकदा बसावं, कागद नीट लावून द्यावेत. आज माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे.

आणि सर, तुम्हाला एक सांगायचंय. पुढच्या महिन्यात मी आपल्याच शाळेच्या नववीच्या मुलांना त्याच वाटेनं नेणार आहे. मॅलेट सांगेन, छोटी गाडी सांगेन, भाई कोतवाल सांगेन. रामबागच्या वाटेवर मात्र मी बोलणार नाही. तिथे हा बोलेल. त्यानं कबूल केलंय. अट एकच घातलीय, की भाकरी-चटणी घरून आणायची आणि मुलांनी पाय जपायचा, कारण आता तो कुणाला ओढणार नाही.