घबाडाचा ओढा

सोनारआळीतली माती पाटीत धुणारा झारेकरी तुम्ही कधी पाहिला आहे काय? पाटी हलवीत राहायचं; माती वाहून जाते, जड सोनं तळाशी बसतं. क्लोंडाइकचं सोनं अगदी असंच सापडलं.

कॅनडाच्या वायव्य टोकाला, यूकॉन प्रदेशात, क्लोंडाइक नदीला मिळणारा एक ओढा आहे. गोरे लोक त्याला ‘सशाचा ओढा’ म्हणत. १६ ऑगस्ट १८९६ रोजी जॉर्ज कारमॅक हा गोरा, त्याचा तागिश मेहुणा स्कूकम जिम आणि जिमचा भाचा डॉसन चार्ली यांना तेथे सोनं लागलं. आधी कुणाच्या हाती? कारमॅक म्हणे, माझ्या. जिमचे आप्त म्हणत, जिमच्या. शोधकाला दुप्पट जागा मिळे. ती नोंदली गेली मात्र कारमॅकच्या नावे. इंडियनाचा हक्क कोण मानणार, ही सबब! ओढ्याचं नावही बदललं: बोनांझा, म्हणजे आपल्या भाषेत घबाड.

जुलै १८९७ मध्ये सोनं घेऊन दोन जहाजं अमेरिकेच्या किनाऱ्याला लागली आणि लाखभर माणसं घर सोडून निघाली. तीसचाळीस हजारच पोचली; तोवर चांगल्या जागा केव्हाच गेल्या होत्या. काम तरी किती जिकिरीचं! जमीन बारमाही गोठलेली. हिवाळाभर जाळ करून ती वितळवायची, चिखल उपसून ढीग घालायचे आणि वसंतात ओढा वाहू लागला की लाकडी पन्हळीतून धुवायचे.

बोनांझा आणि एल्डोराडो या ओढ्यांच्या संगमावर बेलिंडा मलरूनी या आयरिश बाईने १८९७ मध्ये हॉटेल बांधलं. भोवती ग्रँड फोर्क्स हे गाव वसलं, हजारोंनी गजबजलं. पण १८९९ मध्ये अलास्कातल्या नोमची हाक आली नि पुष्कळजण तिकडे पळाले. मागाहून आली ड्रेजर यंत्रं. गावाखालीही सोनं होतंच; त्यांनी गावाची जमीनच उकरून धुतली. आता तेथे दगडगोट्यांचे ढिगारे आहेत.

आणि मूळचे ट्रॉन्डेक ह्वेचिन लोक? क्लोंडाइकच्या मुखाशी ते सामन मासे धरीत. या गर्दीत त्यांचा ठाव उठला. त्यांचे मुखिया आयझॅक यांनी त्यांना खालच्या अंगाला मूसहाइड येथे नेलं. आपली गाणी आणि नाच त्यांनी अलास्कातल्या नातलगांकडे ठेव म्हणून सोपवले. पुढे १९९० नंतर, ते ठेवणारी पिढी केव्हाच गेल्यावर, नातवंडांनी तिकडे जाऊन ती गाणी परत शिकून आणली.