लाळ गाळणारा कुत्रा : पिसाळला की झाड खाल्ले?

(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



गाई-म्हशींच्या आहाराविषयी आणि लसीकरणाविषयी आपण नेहमीच ऐकता. आज मी बोलणार आहे ते वस्तीवरच्या राखणीच्या कुत्र्याविषयी आणि आपल्याच ओट्यावरच्या कुंड्यांविषयी. या दोहोंचा संबंध काय, असे आपणांस वाटेल. संबंध आहे, आणि तो कुत्र्याच्याच नव्हे तर माणसाच्याही जिवाशी आहे.

अलीकडे मळ्यात पक्की घरे झाली. घरापुढे शोभेच्या झाडांच्या कुंड्या आल्या. कुत्रा बांधतो तोही त्याच ओट्याच्या खांबाला. दिवसभर साखळीला असलेला कुत्रा कंटाळतो आणि समोर येईल ते चावतो. तीन ते सहा महिन्यांच्या पिल्लाचे दात बदलत असतात, त्याला तर काहीतरी चावायला हवेच असते. मग एक दिवस कुत्रा अचानक लाळ गाळू लागतो, तोंड जमिनीला घासतो, त्याला गिळता येत नाही. बघणारे म्हणतात, "पिसाळला." आणि काठ्या निघतात. किंवा कुत्रा रात्रीत मरतो आणि घरचे म्हणतात, "बांधाच्या भांडणावरून कोणीतरी विष घातले." दोन्ही वेळा खरे कारण घरच्या कुंडीत असू शकते. म्हणून कोणती झाडे काय करतात हे प्रथम पाहू.

अळूच्या कुळातील शोभेची झाडे

मनीप्लांट, डिफेनबेकिया, फिलोडेन्ड्रॉन, सिंगोनियम, कॅलेडियम ही सर्व अळूची भावंडे आहेत. अळू नीट शिजले नाही किंवा त्यात चिंच पडली नाही तर घशाला खाज सुटते, हे प्रत्येक घरात माहीत आहे. ती खाज कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या बारीक स्फटिकांची असते. वर सांगितलेल्या झाडांतही हेच स्फटिक असतात. पान चावताच ते जिभेत, टाळूत आणि घशात घुसतात. लगेच आग होते, लाळ गळते, जीभ सुजते, कुत्रा पंजाने तोंड ओरबाडतो, कधी उलटी होते. बहुतेक कुत्री एका दिवसात बरी होतात. मात्र घशाची सूज वाढून श्वास अडू लागला तर तातडीने उपचार हवेत. पिसाळल्याचा गैरसमज होतो तो मुख्यतः याच झाडांमुळे.

सायकस

रोपवाटिकेत याला "सायकस पाम" म्हणतात, पण हा पाम नव्हे. याचे सर्व भाग विषारी असून नारिंगी-तांबड्या बियांत सायकासिन हे विष सर्वांत जास्त असते. एक-दोन बियाही कुत्र्याचा जीव घेऊ शकतात. प्रथम उलट्या होतात. मग कुत्रा थोडा सावरल्यासारखा वाटतो आणि आपण निर्धास्त होतो. दोन-तीन दिवसांनी यकृत निकामी होऊन डोळे व हिरड्या पिवळ्या पडतात. तोवर उशीर झालेला असतो. म्हणून सायकसची बी किंवा पाला खाल्ल्याचे कळताच, लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

कण्हेर आणि बिट्टी

या दोन्हींच्या पानाफुलांत, सालीत आणि बियांत हृदयावर परिणाम करणारी विषे असतात. उलट्या, रक्ताची हगवण, नाडी अनियमित होणे आणि अचानक मृत्यू असा क्रम दिसतो. पाने वाळली तरी विष जात नाही. म्हणून कुंपणाच्या कण्हेरीची छाटणी केल्यावर फांद्या गोठ्याजवळ किंवा चाऱ्याच्या गंजीशेजारी टाकू नयेत. कुत्र्यापेक्षाही गाई-बैलांना आणि शेळ्यांना त्यांचा धोका मोठा आहे. केरळमध्ये विषबाधेच्या संशयावरून मे २०२४ मध्ये त्रावणकोर व मलबार देवस्वम मंडळांनी नैवेद्यात व प्रसादात कण्हेरीची फुले वापरणे बंद केले. आपणही निर्माल्य उघड्यावर टाकताना हे ध्यानात ठेवावे.

एरंडीची पेंड

हे झाड नव्हे, खत आहे; पण कुंडीतच असते म्हणून सांगतो. एरंडीच्या बीमधील रिसिन हे विष तेलात उतरत नाही, पेंडीत राहते. पुरेशी उष्णता न दिलेली पेंड म्हणूनच धोक्याची असते. पेंडीचा वास कुत्र्याला आवडतो. त्यात हाडांचा चुरा मिसळला असेल तर तो कुंडी उकरून खाईल. काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी, पोटदुखी, उलट्या व रक्ताची हगवण सुरू होते. पेंड नेहमी मातीत खोल मिसळावी, वरून पसरू नये आणि पोते बंद खोलीत ठेवावे.

आता मुख्य प्रश्न : पिसाळला की झाड खाल्ले?

झाड खाल्लेला कुत्रा तासाभरापूर्वी ठणठणीत असतो. त्रास एकाएकी सुरू होतो, जवळ चावलेली पाने सापडतात, उलटीत पाल्याचे तुकडे दिसतात आणि कुत्रा मालकाला ओळखतो. पिसाळलेल्या कुत्र्याचा स्वभाव बहुधा आधीपासून बदललेला असतो. तो अंधारात लपतो, विनाकारण चावायला धावतो, आवाज घोगरा होतो, खालचा जबडा लोंबतो, चालताना मागचे पाय लटपटतात. काही पिसाळलेली कुत्री मात्र अगदी शांत असतात. ती नुसती लाळ गाळत बसतात आणि मालकाला वाटते, घशात हाड अडकले. तो तोंडात हात घालतो. रेबीजची लागण चाव्याप्रमाणेच, लाळ जखमेला लागल्यानेही होते, आणि लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग बरा होत नाही.

म्हणून घरच्या घरी निवाडा करू नये. लाळ गाळणाऱ्या कुत्र्याला काठीने मारू नये आणि त्याच्या तोंडात हातही घालू नये. त्याला साखळीवर किंवा बंद खोलीत ठेवून पशुवैद्यकांना दाखवावे. हा एकच नियम पाळला तर झाड खाल्लेला कुत्रा वाचेल आणि पिसाळलेल्या कुत्र्यापासून माणूस वाचेल.

तातडीने काय करावे

१) उरलेले झाड कुत्र्यापासून दूर करावे.
२) कुत्र्याला रेबीजची लस वेळेवर दिलेली असेल, त्याला अलीकडे दुसरा कुत्रा चावलेला नसेल आणि पान चावताना प्रत्यक्ष पाहिले असेल, तरच नळीने बाजूने पाणी सोडून तोंड धुवावे. पाणी घशात ओतू नये.
३) मीठ-पाणी, तेल, तूप किंवा ताक बळेच पाजू नये. गिळता न येणाऱ्या जनावराला पाजलेले फुफ्फुसात जाते. जास्त मीठ हे तर स्वतःच विष आहे. उलटी करवायची की नाही हे पशुवैद्यकांनीच ठरवावे.
४) झाडाची फांदी, बी किंवा खताचे पोते सोबत न्यावे. केव्हा आणि अंदाजे किती खाल्ले ते सांगावे. झाड ओळखले की निम्मे निदान होते.
५) कोणाला चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागली असेल तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट लावू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. कुत्र्याचे पुढे काय होते याची वाट पाहू नये.
६) कुत्रा मेलाच तर शेजाऱ्यावर आळ घेण्यापूर्वी पशुवैद्यकांना कळवावे. रेबीजचा संशय असल्यास मेलेल्या कुत्र्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये.

झाडे उपटून टाकावीत का?

तशी गरज नाही. मनीप्लांट शिंक्यात टांगावा. सायकस व कण्हेर कुत्र्याची साखळी पोहोचणार नाही अशा जागी लावावी आणि सायकसला बिया धरल्यास वेळीच काढून पुराव्यात. साखळीच्या टप्प्यात कुंड्या हव्याच असतील तर गुलाब, मोगरा, अरेका पाम किंवा स्पायडर प्लांट ठेवावेत. ही झाडे कुत्र्याला विषारी नाहीत. कुत्र्याला रोज काही वेळ मोकळे फिरवावे आणि पिल्लाला चावायला जाड दोरीची गाठ द्यावी. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस द्यावी आणि पुढे पशुवैद्यकांच्या सल्ल्याने दरवर्षी देत राहावी. लस दिल्याच्या तारखा घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्यात.

बंधु-भगिनींनो, रात्रभर आपले पीक, गोठा आणि घर राखणाऱ्या या जनावराला आपण भाकरीच्या तुकड्यावर सांभाळतो. घरी गेल्यावर एवढेच करा : साखळी खांबापासून किती लांब जाते ते मोजा आणि त्या टप्प्यात कोणकोणत्या कुंड्या येतात ते पाहा. झाड ओळखू आले नाही तर त्याची एक फांदी घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात या.