मनगटावरील नाडीपरीक्षा



अमरावतीस १९१४ सालीं वैद्य बंधूंनीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिलें. त्याचें पथक १९३६ सालीं बर्लिनपर्यंत जाऊन देशी व्यायामांचीं प्रात्यक्षिकें करून आलें. अशा नगरींत छातीचा दम कसा जोखावा, हा प्रश्न नवा नव्हे. आज तें काम मनगटावरील स्मार्ट घड्याळ करूं पाहतें.

हें घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतें व त्याच्या परावर्तनांतील चढउतारावरून नाडीचे ठोके मोजतें. वय, वजन, चालण्याचा वेग व ठोके यांची सांगड घालून, शरीर दर मिनिटास दर किलो वजनामागें अधिकांत अधिक किती मिलिलिटर प्राणवायु वापरूं शकेल, याचा तें अंदाज देतें. खरें मापन प्रयोगशाळेंत, तोंडावर मुखवटा लावूनच होतें.

वऱ्हाडांत एक विशेष दक्षता हवी. अकोल्याच्या वैशाखांत शरीर थंड राखण्यासाठीं हृदयास त्वचेकडे अधिक रक्त धाडावें लागतें. त्याच चालीस ठोके वाढतात व आंकडा उतरलेला दिसूं शकतो. तेवढ्यानें दम घटला असें मानून उन्हांत अधिक धावणें म्हणजे संकटास निमंत्रण होय. पहाटे, त्याच वाटेनें, त्याच चालीनें चालावें. एका दिवसाचा आंकडा नव्हे, महिन्यांचा कल पाहावा. छातींत कळ निघाली किंवा घेरी आली, तर मात्र घड्याळाकडे न पाहतां डॉक्टर गांठावा.