टॅबची निद्रा आणि गावाचा जागल्या

(पलूस तालुक्यातील सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासाठी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कृष्णाकाठच्या मळीत उन्हाळ्यामध्ये बेडूक दिसत नाहीत. ते मेलेले नसतात, ओलाव्याच्या आश्रयाने जमिनीत खोल निजलेले असतात. श्वास मंद, हालचाल शून्य, अंगातील साठ्याची अत्यंत काटकसर, असे त्यांचे दिवस जातात. मृगाची पहिली सर आली की तेच बेडूक बाहेर येऊन ओरडू लागतात. कठीण काळ निभावून नेण्याची निसर्गाने सिद्ध केलेली ही युक्ती होय. शाळेच्या कपाटात आणि ग्रामपंचायतीच्या टेबलावर आज जे टॅब आहेत, त्यांच्या रचनेतही हीच युक्ती योजलेली आहे. मात्र बेडकाला केव्हा निजावे व केव्हा उठावे हे कोणी सांगावे लागत नाही. टॅबला ते सांगावे लागते.

हा विषय वरकरणी क्षुल्लक वाटेल. परंतु भिलवडी, औदुंबर, अंकलखोप, आमणापूर, ब्रह्मनाळ या गावांनी 2019 च्या ऑगस्टमध्ये जे पाहिले ते आठवले, तर तो क्षुल्लक राहत नाही. त्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी 57 फुटांच्या वर गेली होती. तेथील धोक्याची पातळी 45 फूट मानली जाते. 8 ऑगस्ट 2019 रोजी ब्रह्मनाळ येथे पुरातून बाहेर पडणाऱ्या ग्रामस्थांची नाव उलटली आणि गावावर मोठा आघात झाला. 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला. अशा वेळी सुरक्षिततेसाठी वीजपुरवठा बंद करावा लागतो आणि बाहेरच्या जगाशी असलेला संबंध हातातील उपकरणात किती वीज शिल्लक आहे, यावर अवलंबून राहतो.

निद्रेचे तीन प्रकार

टॅबच्या विश्रांतीचे तीन प्रकार ध्यानात ठेवावेत. पहिली साधी झोप. बाजूचे बटण एकदा दाबले की पडदा काळा होतो. परंतु आतील तात्पुरती स्मृती जागी असते व तिला अल्प वीज सतत लागते. म्हणूनच बटण पुन्हा दाबताच काम जेथे थांबले होते तेथूनच सुरू होते. दुसरी गाढ निद्रा; इंग्रजीत तिला हायबरनेशन म्हणतात. या प्रकारात चालू असलेले सर्व काम तात्पुरत्या स्मृतीतून कायमच्या साठ्यावर उतरवून ठेवले जाते आणि मग वीज जवळजवळ संपूर्ण बंद होते. उठण्यास थोडा अधिक वेळ लागतो, परंतु बॅटरी पूर्ण उतरली तरी काम नष्ट होत नाही. तिसरा प्रकार म्हणजे उपकरण पूर्णपणे बंद करणे.

येथे एक भेद महत्त्वाचा आहे. विंडोज प्रणालीवर चालणाऱ्या टॅबमध्ये गाढ निद्रेची सोय असते. अँड्रॉइड टॅबमध्ये व आयपॅडमध्ये तशी सोय वापरणाऱ्याच्या हाती दिलेली नसते. तेथे साधी झोप किंवा पूर्ण बंद हे दोनच मार्ग आहेत. त्यामुळे अँड्रॉइड टॅब हाताळणाऱ्याने गाढ निद्रेचा पर्याय शोधत बसण्यात अर्थ नाही.

विंडोज टॅबमध्ये कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्स या सदरात, बटण दाबल्यावर काय व्हावे हे ठरविता येते. गाढ निद्रेचा पर्याय पुष्कळदा तेथेच निवडून दर्शनी यादीत आणावा लागतो. यासाठी साठ्यावर काही जागा राखून ठेवली जाते; चार जीबी स्मृतीच्या टॅबमध्ये ती साधारण दीड जीबीच्या आसपास असते. साठा भरत आला म्हणून ही सोय बंद करण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्याची किंमत काय हे आधी समजून घ्यावे.

शनिवारची दुपार ते सोमवारची सकाळ

हिशेब साधा आहे. शाळा शनिवारी दुपारी 12 वाजता सुटली आणि टॅब साध्या झोपेत कपाटात ठेवला. झोपेत तासाला एक टक्का वीज खर्च होते असे धरले, तर सोमवारी सकाळी 10 पर्यंतच्या 46 तासांत 46 टक्के वीज निघून जाते. ठेवताना बॅटरी 40 टक्क्यांवर असेल तर सोमवारी टॅब उघडणारच नाही. आणि विंडोज टॅबवर जतन न केलेली गुणपत्रके असतील तर तीही जाऊ शकतात. म्हणून दोन तासांपुरती विश्रांती असेल तर साधी झोप, रात्रभर असेल तर गाढ निद्रा, आणि त्याहून अधिक काळ असेल तर पूर्ण बंद, हा नियम सोयीचा ठरतो.

मे महिन्याच्या सुटीचा प्रश्न याहून गंभीर आहे. लिथियम बॅटरी पूर्ण रिकामी होऊन तशीच पडून राहिली तर तिच्या अंतर्भागाची हानी होते व पुढे ती चार्ज घेईनाशी होऊ शकते. सुटीपूर्वी टॅब निम्म्या भरलेल्या अवस्थेत आणावा, पूर्ण बंद करावा आणि थंड, कोरड्या जागी ठेवावा. पत्र्याखालच्या तापलेल्या खोलीत ठेवू नये; उष्णता ही या बॅटरीची मोठी शत्रू होय. पूर्ण भरून ठेवणेही हितावह नाही. नागपूरच्या महाज्योती संस्थेने अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी विद्यार्थ्यांना टॅब दिले आहेत. अशा घरी तो टॅब हीच मुलाची शिकवणी असते. परीक्षेच्या तोंडावर बॅटरी निकामी झाली तर नुकसान त्या मुलाच्या वर्षाचे असते.

निजलेल्या अॅपचा धोका

टॅब जागा असला तरी त्यातील एखादे अॅप निजलेले असू शकते. 2015 मध्ये आलेल्या अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून अशी व्यवस्था आहे की, पडदा बंद करून, चार्जरला न जोडता उपकरण स्थिर ठेवले, तर अॅपना इंटरनेटचा वापर केवळ ठराविक अंतराने करू दिला जातो. वीज वाचते, परंतु माहिती पाठविणे लांबणीवर पडते. ज्या अॅपमध्ये रेंज नसतानाही नोंद करता येते, त्यातील नोंदी रेंजमध्ये आल्यावर पडदा सुरू ठेवूनच पाठवाव्यात आणि त्या पोहोचल्याची खूण पाहूनच टॅब खाली ठेवावा.

2021 मधील बाराव्या आवृत्तीने आणखी एक पाऊल टाकले. काही महिने न उघडलेले अॅप प्रणाली आपणहून सुप्तावस्थेत टाकू शकते. त्याला दिलेल्या परवानग्या काढून घेतल्या जातात आणि त्याच्या सूचना येणे थांबते. वीज कोसळण्याचा इशारा देणारे दामिनी हे अॅप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केले आहे. पावसाळा संपल्यावर ते कोणी उघडत नाही. हिवाळा सरतो, द्राक्षाचा हंगाम उरकतो आणि एप्रिलमध्ये अचानक वळीव कडाडू लागतो. माणूस समजतो की, अॅप आहे, इशारा येईल. अॅप मात्र निजलेले असू शकते. यावर उपाय सोपा आहे. सेटिंग्जमधील अॅप्स या सदरात दामिनीचे नाव निवडावे, न वापरल्यास अॅप थांबविण्याचा पर्याय बंद करावा आणि स्थानाची परवानगी चालू असल्याची खात्री करावी. गुढीपाडव्याला प्रत्येक ग्रामपंचायतीने हे एकदा तपासण्याचा प्रघात पाडला, तर वळवाच्या आधी ते काम होऊन जाईल.

पाळीपाळीने जागरण

पुराच्या दिवसांत प्रश्न अधिक बिकट होतो. जागा टॅब वीज खातो. बंद टॅबला निरोप मिळत नाही. गाढ निद्रेतील किंवा बंद केलेल्या उपकरणाला शासनाचा इशारा येऊ शकत नाही आणि मदतीची हाकही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. मग वीज राखावी की संपर्क?

याचे उत्तर जुन्या गावगाड्यात सापडते. रात्री सारे गाव जागत नसे; जागल्या जागत असे आणि त्याच्या भरवशावर गाव निजत असे. आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले की गावातील सर्व टॅब, मोबाइल व पॉवर बँक पूर्ण भरून घ्यावेत. वीज गेल्यानंतर प्रत्येक वस्तीत एकच उपकरण जागे ठेवावे व बाकीची पूर्ण बंद करावीत. एकाची बॅटरी वीस टक्क्यांवर आली की दुसरे सुरू करावे. जागत्या उपकरणाचा पडदा मंद करावा आणि तो 30 सेकंदांत आपोआप बंद होईल असे ठरवावे, कारण बहुतेक वेळा सर्वांत जास्त वीज पडदाच खातो. वीज वाचविण्याची व्यवस्था चालू केल्यास काही निरोप उशिरा येतात, हे लक्षात घेऊन दर तासाला पडदा उघडून निरोप पाहावेत. जागत्या उपकरणाचा क्रमांक तालुक्याच्या नियंत्रण कक्षास आधीच कळविलेला असावा आणि पाळ्यांचा तक्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर पूर येण्यापूर्वीच लागलेला असावा.

या कामासाठी स्वतंत्र निधी लागत नाही किंवा नवी यंत्रणा उभारावी लागत नाही. शाळेतील एक शिक्षक, ग्रामपंचायतीतील एक कर्मचारी आणि वस्तीतील एक जाणती मुलगी यांनी एका दुपारी बसून गावातील टॅब तपासले तरी पुरे. किर्लोस्करवाडीच्या माळावर 1910 मध्ये कारखाना उभा राहिला, तेव्हापासून या परिसराला यंत्रांचा परिचय आहे. यंत्राची निगा यंत्र चालू असताना जितकी घ्यावी लागते तितकीच ते विसाव्याला असताना घ्यावी लागते, हे येथील माणसाला निराळे सांगावयास नको. टॅब केव्हा निजावा आणि केव्हा जागा असावा, याचा निर्णय आता गावानेच केला पाहिजे.