पहिले कार्यालय निवडताना
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘करिअर मार्गदर्शन’ हा विषय दिला आहे. हा विषय सागरासारखा विस्तीर्ण आहे आणि माझ्या हातात एक तांब्या आहे. म्हणून आज मी एकाच जागेविषयी बोलणार आहे. परीक्षा उत्तीर्ण होऊनही प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणासाठी कोणत्या क्षेत्रात जावे हे न सुचल्यामुळे मुले जिथे थांबून राहतात, ती ही जागा. अभियांत्रिकीची मुले त्या प्रशिक्षणाला इंटर्नशिप म्हणतात, आम्ही सनदी लेखापाल आर्टिकलशिप म्हणतो. भगवान ऋषभदेवांनी असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही जी षट्कर्मे सांगितली, त्यांपैकी आमचे कर्म मसीचे, म्हणजे शाई-लेखणीचे. आता शाई संपली आणि संगणक आला, एवढाच फरक. मला याच वाटेवरचे खाचखळगे ठाऊक असल्याने उदाहरणही तिथलेच देतो.

गेल्या वर्षी आपल्या समाजातील एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. तिच्या संमतीने, परंतु नाव न घेता मी हे सांगत आहे. वडिलांचे भुसार मालाचे दुकान, घरची परिस्थिती बेताची, शिक्षणाला ट्रस्टच्या शिष्यवृत्तीचा हातभार. इंटरमीजिएटचे दोन्ही ग्रुप ती तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाली होती. २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेनुसार दोन्ही ग्रुप उत्तीर्ण झाल्यावरच आर्टिकलशिप सुरू होते आणि तिचा कालावधी पूर्वीच्या तीन वर्षांऐवजी दोन वर्षांचा झाला आहे. म्हणजे निकालानंतर जो महिना वाया जाईल, तेवढीच अंतिम परीक्षाही पुढे जाते. हिचे असे तीन महिने गेले होते आणि एकाही ठिकाणी अर्ज केलेला नव्हता.

तिने पिशवीतून एक वही काढली. तीन पानांवर तीन वाटा लिहिलेल्या होत्या. पहिली, पुण्यातील मोठ्या फर्ममध्ये कंपन्यांचे वैधानिक लेखापरीक्षण. दुसरी, सांगलीतच एखाद्या कार्यालयात आयकर आणि जीएसटीचे काम. तिसरी, अंतर्गत लेखापरीक्षण, म्हणजे कारखान्यात जाऊन माल, साठा आणि कामाची पद्धत तपासणे. प्रत्येक पानावर फायदे-तोटे मांडलेले, आणि काही ओळी इतक्या वेळा खोडलेल्या की कागद फाटला होता.

मी म्हटले, “बाळ, अभ्यास तर उत्तम केला आहेस. मग अडले कुठे?”

थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, “काका, मी तिसऱ्या वेळी पास झाले. कुठेही गेले तरी पहिल्याच दिवशी त्यांना कळेल की हिला काही येत नाही. आणि ट्रस्टने माझ्यावर केलेला खर्च फुकट जाईल.”

मित्रहो, तिला कोणते क्षेत्र निवडावे हे कळत नव्हते, असे मला तेव्हापासून वाटत नाही. कोणत्या क्षेत्रात आपली अब्रू उशिरा जाईल, याचा हिशेब ती त्या वहीत करत होती. असा हिशेब जुळणे शक्यच नसते.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी असाच एक मुलगा माझ्या कार्यालयात आला होता. मी घाईत होतो. सप्टेंबर महिना, टॅक्स ऑडिटची मुदत तोंडावर आलेली. दोन मिनिटांत मी त्याला सांगून टाकले, “टॅक्सला जा, त्या कामाला मरण नाही.” थोरांचा शब्द म्हणून त्याने तो मानला. प्रशिक्षण पूर्ण केले, पण अंतिम परीक्षेला तो बसला नाही. त्या कामात त्याचे मन कधी रमलेच नव्हते आणि मी ते विचारलेही नव्हते. आज तो घरचे कापड दुकान उत्तम चालवतो आणि लग्नकार्यात भेटला की आदराने वाकून नमस्कार करतो. त्या नमस्काराने मी दर वेळी ओशाळतो.

म्हणून या मुलीला मी उत्तर दिले नाही. ओळखीच्या तीन कार्यालयांत दोन-दोन दिवस नुसते बसून येण्याची सोय मात्र करून दिली. अशिलांची गोपनीयता राखावी लागते, त्यामुळे कागदपत्रांना हात लावायचा नाही, केवळ काम कसे चालते ते पाहायचे, असे ठरले. क्षेत्राचे नाव ऐकून आपल्याला त्यातला दिवस दिसत नाही. वैधानिक लेखापरीक्षण म्हणजे काय, याची व्याख्या तिला पाठ होती. परंतु त्यात दिवसचे दिवस व्हाउचर आणि बिले ताडून पाहावी लागतात, जीएसटीच्या कार्यालयात महिन्याच्या ठरावीक तारखांना फोन थांबत नाहीत आणि व्यापारी पिशवीभर बिले टेबलावर ओतून “बघा तुम्हीच” म्हणतो, हे व्याख्येत येत नाही.

तिसऱ्या ठिकाणी तिला बेदाण्याच्या एका शीतगृहात नेले होते. खोक्यांची मोजदाद चालू होती. मागच्या भिंतीलगतची थप्पी पुढच्या थप्प्यांच्या हिशेबावरूनच धरली जात होती. हिने हळूच विचारले, “ती का मोजत नाही?” दुकानात पोत्यांच्या थप्प्यांत वाढलेली मुलगी ती! मग ती थप्पीही मोजली गेली. काही गैर निघाले नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पण सोबतचा वरिष्ठ तिला म्हणाला, “ताई, हे आमच्या लक्षात यायला हवे होते.” तीन वेळा परीक्षा देताना जे तिला कोणी सांगितले नव्हते, ते त्या थंडगार खोलीत तिच्या कानी पडले.

अशा प्रसंगी आपण व्यासपीठावरून थोरांची चरित्रे सांगतो, आणि सांगावीतच. मात्र ती शेवटाकडून सांगितली की मुले दबून जातात. कर्मवीर भाऊराव पाटील यांची तसबीर पाहून या मुलीला वाटले, ते कुठे आणि मी कुठे. म्हणून मी तिला मधली पाने सांगितली. कुंभोजला १८८७ साली जन्मलेल्या भाऊरावांचे शालेय शिक्षण इंग्रजी सहावीच्या पुढे गेले नाही. साताऱ्यात त्यांनी शिकवण्या केल्या, ओगल्यांचे कंदील विकले, पुढे किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले. विक्रेत्याची ती नोकरी आपल्याला कुठे घेऊन जाणार आहे, हे त्यांना तेव्हा कोणी लिहून दिले नव्हते. पण त्या फिरतीत शेतकऱ्याचे अज्ञान आणि दारिद्र्य त्यांनी उंबऱ्यावर बसून पाहिले. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली, तिच्यामागे ही पायपीटही होती. आजच्या भाषेत कोणी विचारले असते की तुमचे क्षेत्र कोणते, तर त्या काळात भाऊराव काय उत्तर देणार होते? कंदील की नांगर?

आणखी एक नाव सांगतो. डॉ. दौलतसिंह कोठारी हे उदयपूरचे, जैन कुळातले, थोर भौतिकशास्त्रज्ञ. त्यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ साली दिलेल्या अहवालात कार्यानुभव हा शिक्षणाचा अविभाज्य भाग असावा अशी शिफारस केली होती. आपण शाळेत त्याचे काय केले, तर आठवड्यातून एक तास कागदाची फुले. तो दोष डॉ. कोठारींचा नाही.

आता दोन शब्द विश्वस्त मंडळाला. लहान तोंडी मोठा घास समजून क्षमा असावी. आपण दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करतो. शाल, श्रीफळ, छायाचित्र, सारे यथोचित. परंतु तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झालेली मुलगी त्या सभागृहात मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवते, आणि शिष्यवृत्तीचे पैसे म्हणजे आपल्या डोक्यावरचे कर्ज आहे असे समजून घरी जाते. शिष्यवृत्ती देताना या खर्चाचा हिशेब गुणपत्रिकेत मागितला जाणार नाही, एवढे एक वाक्य तिला कोणी सांगितले असते, तर ते तीन महिने कदाचित वाचले असते. तसेच, आपल्या समाजात वकील आहेत, डॉक्टर आहेत, कारखानदार आहेत, हळदीचे आणि गुळाचे व्यापारी आहेत. प्रत्येकाने वर्षातून एक आठवडा आपल्या कामाच्या जागी दोन मुलांना नुसते बसू द्यावे, याची यादी ट्रस्टच्या कार्यालयात ठेवावी. माझ्या कार्यालयातील दोन खुर्च्या त्या यादीत आजच लिहून घ्याव्यात. सप्टेंबर महिना तेवढा वगळा!

त्या मुलीने अखेर अंतर्गत लेखापरीक्षण निवडले. पुणे नाही आणि सांगलीही नाही, कोल्हापूरच्या एका मध्यम फर्ममध्ये ती रुजू झाली. वहीत हा पर्याय नव्हताच. रोज एस.टी.ने जाते-येते. वडिलांना प्रथम पसंत नव्हते, आता सकाळी तेच स्टँडवर सोडतात.

तिची शंका फिटली, असे मात्र समजू नका. गेल्याच आठवड्यात संध्याकाळी तिचा फोन आला. शिरोलीच्या एका फाउंड्रीत चार दिवस काम चालू होते. म्हणाली, “काका, मला ओतकामातले काही कळत नाही. सगळे माझ्यापेक्षा हुशार आहेत. मी चुकीचे क्षेत्र घेतले का?”

मी विचारले, “आज काय मोजलेस?”

त्यावर ती सांगू लागली. भट्टीत किती धातू वितळला, त्यातून चांगले कास्टिंग किती निघाले, उरलेला किती तुकड्यांच्या रूपाने पुन्हा भट्टीत गेला, आणि नोंदवहीतला आकडा वजनकाट्याच्या पावतीशी का जुळत नाही. मला त्यातले निम्मेही समजले नाही. ती दहा मिनिटे बोलत होती. मग “काका, गाडी लागली,” म्हणाली आणि फोन बंद झाला.