सरकारनें कोठें थांबावें ?

पनवेल शहरांतील नाट्यगृहाला आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांचें नांव दिलेलें आहे. तेथें नाटकाला येणाऱ्या प्रेक्षकाच्या मनांत एक विसंगति सहसा येत नाहीं. इमारत पालिकेची, म्हणजे राज्यव्यवस्थेच्या एका अंगाची. आणि नांव अशा पुरुषाचें, कीं ज्यानें त्या काळचें राज्य शस्त्राच्या बळावर उलथून टाकण्याचा विडा उचलला होता. पनवेलजवळच्या शिरढोण गांवीं १८४५ सालीं जन्मलेल्या या पुरुषाच्या आयुष्याशीं शाळा आणि न्यायालय या दोन गोष्टी निगडित आहेत; आणि सरकारचा अधिकार कोठवर असावा हा जुना प्रश्न या दोहोंच्या उंबरठ्यावरच पुनःपुन्हां उभा राहतो.

श्रोतेहो, या प्रश्नाला युरोपांत एक रोखठोक उत्तर दिलें गेलें. हर्बर्ट स्पेन्सरनें १८५१ सालच्या आपल्या ग्रंथांत सरकारचें काम माणसामाणसांतील न्यायापुरतें ठेविलें. शिक्षण आणि धर्म हीं दोन्ही त्याच्या मतें राज्याच्या कक्षेबाहेरचीं. जॉन स्टुअर्ट मिल १८५९ सालीं इतक्या टोकाला गेला नाहीं. मुलाला शिकविण्याची सक्ति आईबापांवर सरकारनें खुशाल करावी. पण सगळ्या शाळा स्वतःच चालवूं लागल्यास तें सर्व माणसें एकाच सांच्यांतून काढील, अशी भीति त्यानें बोलून दाखविली. महाराष्ट्रांत आगरकरांच्या पिढीनें हे दोन्ही ग्रंथकार मनापासून वाचले. परंतु इंग्लंडांत बसून सुचलेलें तत्त्व कोंकणांत आणि देशावर आलें, तेव्हां त्याची कसोटी निराळ्या जमिनीवर लागली.

प्रथम शिक्षण. पुण्याची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी आपला आरंभ १८६० सालच्या पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशनपासून मानते, आणि संस्थापक म्हणून वामन प्रभाकर भावे, लक्ष्मण नरहर इंदापूरकर व वासुदेव बळवंत फडके हीं तीन नांवें सांगते. सरकारचें शिक्षणखातें आणि मिशनऱ्यांच्या शाळा यांच्या पलीकडे लोकांनीं आपल्या हिंमतीवर शाळा काढावी, हा विचार त्या काळीं नवा होता. पुढें १८८० सालीं चिपळूणकर, टिळक व आगरकर यांनीं न्यू इंग्लिश स्कूल उभें केलें तें याच वाटेनें. सरकारी खुर्ची दूर ठेवून अल्प वेतनावर शिकविणाऱ्या या तरुणांकडे पाहून कोणालाही वाटावें, कीं शिक्षणांत सरकारची गरज ती काय ?

पण १८८२ च्या ऑक्टोबरांत हंटर कमिशनपुढें जोतीराव फुल्यांनीं जें निवेदन ठेविलें, तें या समाधानाला धक्का देणारें आहे. सरकारी तिजोरी भरते ती शेतकऱ्याच्या घामानें आणि तिचा लाभ उठवितात वरचे वर्ग, ही त्यांची तक्रार होती. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें आणि तें सरकारनेंच आपल्या हातीं ठेवावें, अशी त्यांची मागणी होती. स्वयंस्फूर्त संस्था ज्यांच्यासाठीं निघतात, त्यांच्यांत पुढाकार घेणारे लोक आधींच असतात; ज्यांच्या घरांत तीन पिढ्यांत अक्षर शिरलें नाहीं, त्यांच्यासाठीं शाळा कोण काढणार ? पुढें १९१९ सालीं कर्मवीर भाऊराव पाटलांनीं रयत शिक्षण संस्था काढून या प्रश्नाला लोकांच्या बाजूनें एक तेजस्वी उत्तर दिलें. मात्र प्रत्येक तालुक्याला एक भाऊराव मिळेल या भरंवशावर मुलांचें भवितव्य सोडतां येत नाहीं.

आतां धर्म. येथें सरकारनें हात आखडावा हें तत्त्व सर्वांत सोपें वाटतें. राणीच्या १८५८ सालच्या जाहीरनाम्यांत तसें अभिवचनच होतें. १८९१ सालीं संमतिवयाचा कायदा मुलीचें वय दहावरून बारावर नेऊं लागला, तेव्हां परक्या सरकारनें आमच्या धर्माचारांत हात घालूं नये असें टिळकांनीं निक्षून सांगितलें. आणि व्यक्तिस्वातंत्र्याचे कट्टे पुरस्कर्ते आगरकर कायद्याच्या बाजूला उभे राहिले. वरवर पाहतां हें उलटें दिसतें. परंतु आगरकरांच्या हिशेबांत ज्या व्यक्तीचें स्वातंत्र्य मोजावयाचें ती व्यक्ति म्हणजे ती दहा वर्षांची मुलगी होती. तिच्यावरची सत्ता सरकारची नसून घराची आहे, एवढ्यानें ती सत्ता हलकी होत नाहीं.

शिवाय, सरकार खरोखर अलिप्त होतें काय ? मुंबईच्या रखमाबाईंचा खटला आठवावा. बालपणीं झालेलें लग्न मानावयास त्या तयार नव्हत्या. १८८५ सालीं न्यायमूर्ति पिन्ही यांनीं निकाल त्यांच्या बाजूनें दिला. पण अपिलानंतर, १८८७ सालीं, नवऱ्याकडे जा अथवा सहा महिने तुरुंगांत बस, असा हुकूम झाला. म्हणजे रूढीमागें पोलिसाचा दंडुका अगोदरच उभा होता. अशा वेळीं ‘सरकारनें मध्यें पडूं नये’ या वाक्याचा अर्थ पुष्कळदां ‘सरकार ज्या बाजूला उभें आहे तेथेंच त्यानें उभें राहावें’ एवढाच होतो.

राहिला न्याय. पुण्यांत सार्वजनिक सभेनें १८७० नंतरच्या दशकांत लवाद कोर्ट चालविलें. खर्च कमी, वेळ थोडा, न्याय देणारे ओळखीचे. तथापि हरलेल्या पक्षानें निवाडा मानलाच नाहीं, तर अखेर दिवाणी कोर्टाचीच पायरी चढावी लागे. लवादाला अक्कल होती, प्रतिष्ठा होती. हुकूम बजावण्याचें बळ नव्हतें.

त्याहून मोठी कसोटी लागली ती महाडास. पनवेल आणि महाड हीं दोन्ही गांवें त्या वेळीं कुलाबा जिल्ह्यांत होतीं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावे असा बोले यांचा ठराव १९२३ सालीं कायदेमंडळांत संमत झाला. महाड नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला. पाणी मात्र कोणी भरूं दिलें नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तेथें पाणी प्याले. मग तळ्याची शुद्धि झाली, पालिकेनें आपला ठराव मागें घेतला, आणि तळें खाजगी आहे असें म्हणत कांहीं सवर्णांनीं फिर्याद गुदरली. न्यायालयानें आधीं मनाईहुकूम दिला तो आंबेडकरांविरुद्ध. हायकोर्टाचा अखेरचा निकाल त्यांच्या बाजूनें लागला तो १७ मार्च १९३७ रोजीं. ओंजळभर पाण्याला दहा वर्षें लागलीं !

या एका तळ्यांत सगळा वाद सामावला आहे. खाजगी मालकी हा स्वातंत्र्याचा आधार खरा. पण येथें तोच शब्द तहानलेल्यांना अडविण्यासाठीं पुढें केला गेला. लोकनियुक्त पालिका जमावापुढें वांकली. न्यायालय मंद चाललें, प्रथम चुकीच्या बाजूलाही झुकलें. तरीसुद्धां कागदोपत्रीं पुरावा मागून, ही रूढी अनादि असल्याचें सिद्ध झालें नाहीं असें सांगण्याचें ठिकाण अखेर तेंच ठरलें.

आणि शिरढोणचे फडके ? १८७९ सालीं ते पकडले गेले आणि पुण्याच्या न्यायालयांत उभे राहिले. त्यांचें वकीलपत्र सार्वजनिक काकांनीं, म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांनीं घेतलें. लवाद कोर्टाच्या खटपटींतही हेच गृहस्थ पुढें होते. सरकारी कोर्टाला पर्याय उभारणारा मनुष्य सरकारी कोर्टांत आरोपीसाठीं कायद्याचा कीस काढीत उभा राहिला, यांत विसंगति नाहीं. राज्याची सत्ता जेथें सर्वांत भयंकर, तेथेंच तिला नियमानें बांधण्याची गरज सर्वांत मोठी. फडक्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं एडनच्या तुरुंगांत त्यांचा अंत झाला. तेथें फिर्यादी सरकार होतें आणि न्यायाधीशही सरकारचाच.

तेव्हां ‘सरकार हवें कीं नको’ या सवालापेक्षां अधिक उपयोगी सवाल असा, कीं या ठिकाणीं दार कोणी लावून घेतलें आहे ? तें समाजानें लावलें असेल, तर तें उघडण्यापुरता सरकारनें हात घालावा. आणि सरकारनेंच लावलें असेल, तर नागरिकाच्या हातीं किल्ली असावी. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची. ज्या १८५० च्या कायद्याखालीं अशा संस्था निघाल्या, तो रहिवाशांची इच्छा असेल तेथेंच लागू करावयाचा होता. आपणच मागितलेली सत्ता आपणच रोज तपासावयाची, हा धडा त्या जुन्या कायद्यांत होता. २०१६ सालीं तेथें महानगरपालिका झाली. सत्ता वाढली, त्याबरोबर तपासण्याचें कामही वाढलें.