शरीराला काय आठवतं?

स्कॉटलंड आणि आइसलंड यांच्या मधे, उत्तर अटलांटिक महासागरात, फेरो नावाची बेटं आहेत. 1846 च्या वसंतात कोपनहेगनहून आलेल्या एका सुताराबरोबर तिथं गोवर शिरला. बेटांवर तेव्हा 7,782 माणसं राहत होती. काही महिन्यांत त्यांतली सहा हजारांवर माणसं आजारी पडली. डेन्मार्क सरकारनं पीटर पानुम या पंचविशीतल्या डॉक्टरला तिकडं पाठवलं. त्याच्याजवळ गोवरावरचं औषध नव्हतं, आणि गोवराचा विषाणू सापडायला अजून शंभरावर वर्षं होती. पानुम गावोगाव फिरला आणि विचारत राहिला: कोण आजारी पडलं, कधी पडलं, त्याआधी कोणाकडं गेलं होतं? आणि कोण आजारी पडलंच नाही?

या शेवटच्या प्रश्नासाठी मी त्याला फार मानतो. साथीत सगळ्यांची नजर आजाऱ्यांवर असते. पानुमनं आजारी न पडलेल्यांकडेही पाहिलं, तेव्हा त्याला दिसली ती म्हातारी माणसं. बेटांवर याआधीचा गोवर येऊन गेला होता 1781 मध्ये, म्हणजे 65 वर्षांपूर्वी. त्या साथीत लहानपणी गोवर निघालेले 98 वृद्ध त्याला भेटले, आणि त्यांतल्या एकालाही तो पुन्हा झाला नव्हता. त्यांच्याच वयाच्या, पण तेव्हा गोवरातून सुटलेल्या म्हाताऱ्यांना मात्र या खेपेला तो झाला.

आता विचार करा. बेटांवर धडधाकट कोण होतं? समुद्रावर जाणारे तरुण. ते अंथरुणाला खिळले आणि सत्तरीकडे झुकलेले आजोबा हिंडतेफिरते राहिले. मधल्या 65 वर्षांत गोवर तिथं फिरकलाही नव्हता, तरी त्यांच्या शरीराला तो आठवत होता.

माझ्या दवाखान्यात रोज कोणीतरी म्हणतं, "डॉक्टर, प्रतिकारशक्ती वाढवायचं काहीतरी लिहून द्या." या शब्दातल्या 'शक्ती'नं आपली मोठी फसगत केली आहे. टाकीत पाणी भरावं तशी ती अंगात भरता येते, टाकी भरलेली असली की आजार सौम्य होतो, असं आपण धरून चालतो. खाणंपिणं, झोप, मधुमेह काबूत असणं यांचं महत्त्व मी कमी करत नाही. पण विषाणू अंगात शिरतो त्या दिवशी पहिला प्रश्न असतो तो ओळखीचा. हा, किंवा याच्यासारखा दुसरा, शरीरानं पूर्वी पाहिला आहे का? पाहिला असेल तर त्याला चिकटून अडवणारी प्रतिपिंडं तयार असतात आणि ती ओळख जपणाऱ्या स्मृतिपेशी दोन-तीन दिवसांत कामाला लागतात. नसेल तर नेमकी प्रतिपिंडं घडवायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि तेवढ्या वेळात विषाणू आपलं काम उरकतो.

2009 चा स्वाइन फ्लू पुणेकर विसरलेले नाहीत. देशातला त्याचा पहिला बळी पुण्यातच गेला, आणि ती शाळकरी मुलगी होती. एरवीचा फ्लू म्हाताऱ्यांवर उठतो. या खेपेला त्यांच्यात लागण कमी होती. स्वाइन फ्लूचा विषाणू एच1एन1 जातीचा; त्यांच्या लहानपणी या जातीचे जे जुने प्रकार फिरत होते, त्यांच्याशी या नव्याचं नातं निघालं. अर्थात ज्या वृद्धांना तो झालाच, त्यांना तो जडच गेला.

ही आठवण पुसलीही जाते. गोवराचा विषाणू स्मृतिपेशींमध्येच शिरतो. नेदरलँड्समधल्या 2013 च्या साथीत सापडलेल्या, लस न घेतलेल्या 77 मुलांचं रक्त आजाराआधी आणि नंतर तपासलं, तेव्हा इतर रोगांविरुद्धची त्यांची 11 ते 73 टक्के प्रतिपिंडं नाहीशी झाली होती. लसीनं असं होत नाही. 2022 मध्ये मुंबईतल्या गोवंडीत गोवरानं मुलं दगावली, त्यांचा हिशेब आपण मांडला. बरी होऊन घरी गेलेली मुलं पुढं न्यूमोनियाला किंवा जुलाबाला किती सोपी झाली, तो हिशेब कोणी मांडायचा?

आणि आठवण घातही करते. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. क्यूबात 1977 साली पहिला प्रकार आला. लाखो लोकांना लागण झाली, पण बहुतेक सहज बरे झाले. 1981 मध्ये दुसरा आला आणि दहा हजारांवर रुग्ण गंभीर झाले, 158 दगावले, त्यांत 101 मुलं होती. गंभीर झालेल्यांपैकी जवळजवळ सगळ्यांना आधी पहिला प्रकार होऊन गेला होता. पहिल्या वेळची प्रतिपिंडं दुसऱ्या प्रकाराला चिकटतात, पण त्याला निकामी करू शकत नाहीत. उलट, प्रतिपिंड दिसलं की गिळून टाकायचं, हा ज्या पेशींचा धर्म, त्या पेशी विषाणूला स्वतःच आत घेतात, आणि तो तिथंच वाढतो. मग रक्तवाहिन्या झिरपू लागतात, रक्तदाब कोसळतो.

सगळ्यात जिवाला लागतं ते तान्ह्या बाळांचं. बँकॉकमध्ये डेंग्यूचे संशोधक स्कॉट हॉलस्टेड यांना दिसलं, की सहा-आठ महिन्यांच्या बाळांना पहिल्याच डेंग्यूत धोका होतो. बाळानं तर डेंग्यू पाहिलेला नसतो. पण आईनं पाहिलेला असतो, आणि तिनं पोटात असताना दिलेली प्रतिपिंडं तोवर इतकी विरळ झालेली असतात, की ती विषाणूला अडवू शकत नाहीत, फक्त चिकटू शकतात. पहिले काही महिने ज्यांनी बाळाला राखलं, तीच ही प्रतिपिंडं.

म्हणून पावसाळ्यात तापाचा पेशंट आला की मी आधी विचारतो, "यापूर्वी डेंग्यू झाला होता का?" कोणी म्हणतं, प्लेटलेट्स कमी झाल्या होत्या, रिपोर्ट कुठंतरी टाकलेत. बहुतेक जण "नाही" म्हणतात. पण पहिला डेंग्यू पुष्कळांना न कळताच होऊन जातो, त्यामुळं त्या "नाही"वर मी विसंबत नाही. या आजारात धोक्याचे दिवस ताप उतरताना सुरू होतात. ताप उतरला, आता कशाला यायचं, असं घरच्यांना वाटतं, आणि मी नेमकं त्याच दिवशी त्यांना पुन्हा बोलावतो.